अपूर्णांकांची बेरीज : कागदाच्या घडीवर

एकदां वर्गांत मीं फळ्यावर १/२ + १/३ हें उदाहरण लिहिलें. एका हुशार मुलानें तत्काळ उत्तर दिलें, "२/५." वरचे अंक वर मिळविले, खालचे खालीं! कोणीही हंसलें नाहीं, कारण बहुतेकांच्या वहींत तेंच उत्तर होतें.

मीं त्यास विचारलें, "अर्ध्या भाकरींत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून वाढेल कीं घटेल?"

"वाढेल, सर."

"आणि पांच समान तुकड्यांचें अर्धें किती?"

"अडीच."

"मग त्यांतले दोनच घेतले तर?" मुलगा क्षणभर स्तब्ध राहिला व त्यानें आपलें उत्तर आपल्याच हातानें खोडलें.

ही चूक बुद्धिमांद्याची नव्हे. छेद हें तुकड्याचें नांव आहे आणि अंश ही तुकड्यांची मोजणी आहे, एवढें मुलास कोणीं दाखविलेलें नसतें. दोन डझन व तीन आंबे यांस आपण 'पांच' म्हणत नाहीं. प्रथम डझनांचे आंबे करितों, मग सत्तावीस म्हणतों. अपूर्णांकांचेंही तसेंच आहे.

घरीं हा प्रयोग करून पाहावा. सारख्या आकाराचे दोन आयताकृति कागद घ्या. प्रत्येकास उभी घडी घालून दोन समान भाग करा. नंतर तोच कागद आडवा दुमडून तीन समान भाग करा. उलगडतांच प्रत्येकावर सहा समान चौकोन दिसतील. पहिल्या कागदाचा उभा अर्धा भाग रंगवा. ते तीन चौकोन भरतात. दुसऱ्याचा आडवा तिसरा हिस्सा रंगवा. ते दोन भरतात. आतां हे दोन चौकोन कातरून पहिल्या कागदाच्या रिकाम्या जागीं ठेवा. एकच चौकोन मोकळा राहील. म्हणजे ३/६ + २/६ = ५/६. दोन्ही राशींस एकच नांव दिलें, म्हणून त्यांची बेरीज झाली. यासच समच्छेद करणें म्हणतात, आणि हा शब्द भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील 'लीलावती' ग्रंथांतही आहे.

येथें एक सावधगिरी ठेवावी. दोन्ही कागद सारखेच असावेत. लहान भाकरीचा अर्धा व मोठीचा तिसरा हिस्सा यांची बेरीज होत नाहीं.

बेरीज एकाहून अधिक झाली, तरी भिण्याचें कारण नाहीं. अर्धा व पाऊण मिळून सव्वा, हें मुलानें घरीं ऐकलेलेंच असतें. अर्ध्यांत दोन पाव, पाऊणांत तीन. एकूण पांच पाव. चार पावांनीं एक कागद भरला, एक पाव दुसऱ्यावर गेला.

पालकांस एवढीच विनंति कीं, नियम पाठ करविण्याची घाई करूं नये आणि चुकलेल्या मुलास 'मठ्ठ' म्हणूं नये. त्याच्या हातीं कागद द्यावा आणि त्यानें उत्तर काढण्यापूर्वीं, "तें अर्ध्याहून मोठें येईल कीं लहान?" एवढेंच विचारावें. हा प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय ज्यास लागली, तो नियम विसरला तरी पुन्हां शोधून काढील.