पायडल मारल्याने दुःख मागे पडत नाही

घरातलं माणूस गेल्यावर सांत्वनाला येणारे लोक हल्ली एक नवा सल्ला देऊ लागले आहेत. "सायकल काढ अन् निघ कुठंतरी लांब. आठ-पंधरा दिवस रस्त्यावर राहिला की आपोआप इसरशीन." हा सल्ला मी वर्धा जिल्ह्यातल्या आंजीत तेरवीच्या मांडवात ऐकला आहे, वर्ध्याला सायकलच्या दुकानात ऐकला आहे. आई जाऊन महिनाही झाला नव्हता अशा एका पोराला तो देताना ऐकला, तेव्हा मात्र गप्प बसवलं नाही. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण सल्ला चुकीचा आहे, आणि काही वेळा धोक्याचाही.

तो आमच्या भागात का रुजला, हे समजण्यासारखं आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आमच्याच जिल्ह्यातून, जाम-हिंगणघाटवरून जातो. हिवाळ्यात त्यावरून सामान लादलेले सायकलस्वार दिसतात आणि त्यातले काही सेवाग्राम-पवनारकडे वळतात. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. तेव्हापासून विदर्भात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला मान आला. तो मान योग्यच आहे. मात्र त्याच्याबरोबर अशीही समजूत पसरली की सायकल हे कुठल्याही दुखण्यावरचं औषध आहे.

गैरसमजाचं मूळ 'विसरायला होतं' या शब्दांत आहे. सायकलवर काय घडतं ते बघा. घरी असलात तर दुकान असतं, शाळा असते, कापूस वेचायला बाया आलेल्या असतात, फोन वाजत असतो. मन सतत कशात ना कशात गुंतलेलं राहतं. सामानासह सायकल चालवणारा माणूस दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर कापतो, म्हणजे पाच-सहा तास, कधी त्याहून जास्त, तो खोगिरावर एकटा असतो. हात आणि पाय गुंतलेले, डोकं रिकामं. पवनारपासून हिंगणघाटच्या दिशेला सपाट, सरळ रस्त्यावर लागलात की थोड्याच वेळात आठवणी सुरू होतात. शेवटचं बोलणं, दवाखान्यातली रात्र, न केलेला फोन. दुःख मागे राहत नाही, उलट त्याला बोलायला मोकळा वेळ मिळतो. ज्यांनी अशा काळात प्रवास केला आहे ते बहुतेक हेच सांगतात की पहिले काही दिवस घरच्यापेक्षा जड गेले, आणि सगळ्यात कठीण वेळ चढाची नव्हे, तर मुक्कामाला पोहोचून सायकल स्टँडला लावल्यानंतरची.

मग लांबच्या प्रवासाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या कारणाने. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली शोकाबद्दल एक मांडणी केली. आज या विषयावर काम करणारे बहुतेक लोक ती वापरतात. शोकात असलेलं माणूस दोन दिशांना येत-जात असतं. कधी ते गेलेल्या माणसाकडे वळतं, रडतं, आठवतं. कधी पुढच्या आयुष्याकडे वळतं, बँकेचे कागद करतं, स्वयंपाक शिकतं, नवी कामं अंगावर घेतं. झोपाळ्यासारखं हे येणं-जाणं हाच सावरण्याचा मार्ग आहे. एकाच टोकाला अडकून पडणं त्रासाचं, मग ते सतत रडणं असो की सतत पळणं.

आपल्याकडच्या चालीरीती याच येण्या-जाण्याला जागा देतात. पहिल्या दिवशी शेजारून आलेला कडू घास, राख सावडणं, दहावा, तेरवी, मग वर्षश्राद्ध. प्रत्येक टप्प्याला एक काम असतं आणि त्या कामाभोवती माणसं असतात. कर्मकांडावर तुमचा विश्वास नसला तरी ही रचना बघण्यासारखी आहे. माणसाला तेरा दिवस एकटं सोडत नाहीत. रोज काहीतरी करायला देतात, आणि गेलेल्याचं नाव घेऊ देतात.

सायकलप्रवासात ही दोन्ही टोकं असतात. मोकळा रस्ता आठवणींकडे नेतो, आणि पंक्चर, पाणी, रात्रीचा आसरा, उद्याचा वारा ही कामं परत आजच्या दिवसात आणतात. ज्यांना प्रवासाने बरं वाटलं त्यांना यामुळे वाटलं. विसरल्यामुळे नाही. म्हणून जो 'विसरायला' निघतो त्याची फसगत ठरलेली. तिसऱ्या दिवशी ढाब्यावर जेवताना हुंदका फुटतो आणि त्याला वाटतं, एवढं करूनही जमलं नाही, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे. दुःखावर हे अपयशाचं ओझं चढवणाऱ्या सल्ल्याचा मला राग येतो, तो याचसाठी.

"पण व्यायामाने मन बरं होतं, हे तर सिद्ध झालंय," असं लगेच कुणीतरी म्हणतं. सिद्ध झालंय ते नैराश्याबद्दल. २०२४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोनशेहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चालणं, धावणं, योगासनं, वजनं उचलणं यांनी नैराश्याच्या आजारात चांगला फरक पडतो असं त्यात दिसलं. शोक आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोकावर व्यायामाचा परिणाम तपासणारे अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. त्यांच्या आधारावर 'हजार किलोमीटर कर, बरा होशील' असं कुणालाही सांगता येत नाही. शोकाची मात्रा किलोमीटरमध्ये ठरत नाही.

दुसरा पुरावा म्हणून डर्व्हला मर्फी यांचं नाव पुढे केलं जातं. आयर्लंडच्या या बाईंनी जानेवारी १९६३ मध्ये युरोपच्या कडाक्याच्या थंडीत सायकलवर प्रवास सुरू केला आणि त्या जुलैमध्ये दिल्लीला पोहोचल्या. त्याआधी १९६१ साली त्यांचे वडील गेले होते आणि १९६२ साली आई. गोष्ट सांगणारे एवढंच सांगतात आणि निष्कर्ष काढून मोकळे होतात. खरी हकीकत अशी की दहाव्या वाढदिवसाला त्यांना सायकल आणि नकाशांचं पुस्तक मिळालं, तेव्हाच सायकलने भारतात जायचं त्यांनी ठरवलं होतं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती संधिवाताने जखडलेल्या आईची सेवा करण्यासाठी. एकतिसाव्या वर्षी त्या निघाल्या, कारण आता घरी कुणी त्यांच्यावर अवलंबून नव्हतं. दीर्घ सेवेनंतर शोकाबरोबर मोकळं झाल्याची भावनाही येते, आणि मर्फी यांनी ती पुढे आपल्या आत्मचरित्रात लपवली नाही. तो प्रवास दोन दशकं जपलेला बेत होता. त्याला शोकावरचा उतारा म्हणणं म्हणजे त्यांच्या आयुष्यातली एकवीस वर्षं पुसून टाकणं आहे.

आता धोक्याबद्दल, कारण इथे समजूत चुकली तर जीव जातो. २०१२ साली बोस्टनमधल्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत झटक्याचा धोका एरवीच्या तुलनेत एकवीस पट दिसला. पुढच्या दिवसांत तो उतरत गेला, पण पहिल्या आठवड्यातही तो बराच वाढलेला होता. तरुण निरोगी माणसाचा मूळ धोका फार कमी असतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाब किंवा मधुमेह असलेला माणूस तेरवीआधीच 'मन रमवायला' दीडशे किलोमीटरवर निघत असेल, तर त्याला अडवा. छातीत दुखणं, धाप, डाव्या हातात कळ हे सगळं 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून सोडून देऊ नका.

त्यात झोप आणि भूक. शोकात दोन्ही बिघडतात. सामान लादून दिवसभर सायकल चालवणाऱ्याला तीन ते पाच हजार कॅलरी लागतात, आणि शोकात असलेल्याला अर्धी भाकर जात नाही. शरीरातली साखर संपली की हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारतं, आणि मनही कोसळतं. रस्त्याकडेला बसून 'आता जगण्यात अर्थ नाही' असं वाटायला लागतं, त्यात दुःख किती आणि रिकामं पोट किती, हे त्या क्षणी कळत नाही. आधी खा, पाणी प्या, सावलीत बसा, मग विचार करा. वर्ध्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास जातो, त्या काळात तर हा बेतच नको. झोप न झालेल्या माणसाचं लक्ष ट्रककडे नसतं, हेही धरून चाला. पहिला मोठा प्रवास करायचाच असेल तर सोबत घ्या, टप्पे छोटे ठेवा, रेल्वेमार्गाच्या जवळून जा. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन्ही स्टेशनं मोठ्या मार्गांवर आहेत. कुठूनही परत फिरता येतं हे ठाऊक असलं की जीव निवांत राहतो.

उलटा प्रसंगही येतो. माणूस प्रवासात आणि बातमी घरून. तेव्हा दोन्ही बाजूंनी हुकूम सुटतात. "अर्धवट सोडू नको, त्याला आवडलं नसतं," असं एक म्हणतो, आणि "अंत्यविधीला पोहोचला नाही तर आयुष्यभर खंत राहील," असं दुसरा. पहिलं विधान गेलेल्या माणसाच्या तोंडी घातलेलं असतं. दुसऱ्याबद्दल थोडा पुरावा आहे. अंत्यविधीचा शोकावर काय परिणाम होतो यावरच्या अभ्यासांचा बरेल आणि सेलमन यांनी २०२० साली आढावा घेतला. विधीला हजर असण्या-नसण्याबद्दल ठाम निष्कर्ष निघाला नाही. आपल्याला अर्थपूर्ण वाटेल अशा रीतीने निरोप देता येणं महत्त्वाचं दिसलं. आपल्याकडे दहन बहुधा त्याच दिवशी होतं, त्यामुळे हजार किलोमीटरवरचा माणूस पोहोचूच शकत नाही. त्याने स्वतःला गुन्हेगार मानू नये. दहाव्याला या, किंवा जिथे आहात तिथल्या नदीकाठी बसा आणि घरच्यांशी फोनवर बोला.

पुढे जायचं की थांबायचं, यालाही एकच उत्तर नसतं. ३१ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल ते सिडनी या साडेपाच हजार किलोमीटरच्या शर्यतीत माईक हॉल हा नामांकित सायकलस्वार कॅनबेराजवळ गाडीच्या धडकेत गेला. शर्यत तिथेच रद्द झाली. बाकीच्यांपैकी काही जण जागीच थांबले, काही शर्यत म्हणून नव्हे तर त्याच्यासाठी म्हणून सिडनीपर्यंत गेले. दोन्ही निर्णय योग्यच होते.

आणखी एक समजूत, जी मला पहिल्याइतकीच खुपते. "बाप गेला अन् हा सायकलवर हिंडतो, याले काहीच दुःख नाही." बाईने केलं तर याहून जहरी बोलतात. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्याला जमनालाल बजाज गेले. त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी नंतर गोसेवेचं काम धरलं आणि पुढे भूदान-कूपदानासाठी त्या गावोगाव फिरल्या. त्यांना दुःख नव्हतं असं म्हणताना आमच्या भागात मी कुणाला ऐकलेलं नाही. तोच न्याय गल्लीतल्या बाईला द्यायला काय हरकत आहे? २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यात वर्धा होता. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर कर्जाचे कागद, पंचनामा, मुलांची शाळा हे सगळं पेलणारी बाई तेरवी होण्याआधीच शेतात दिसते. तिला 'कुठंतरी फिरून ये' सांगणाऱ्याने तिची परिस्थिती पाहिलेलीच नसते. तिला हवी असते डवरणीला मदत आणि तहसीलला सोबत.

बाकीच्या समजुतींना थोडक्यात उत्तरं. 'शोकाच्या पाच पायऱ्या असतात': एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मरणासन्न रुग्णांच्या संदर्भात मांडल्या होत्या, आणि मागे राहिलेले लोक त्या क्रमाने जातात असा पुरावा नाही. 'रडला नाही तर आत साचतं': मुळीच न रडणारे अनेक जण व्यवस्थित सावरतात, जबरदस्तीने रडवू नका. 'रस्त्यात हसू आलं म्हणजे बेइमानी': केल्टनर आणि बोनानो यांच्या १९९७ च्या अभ्यासात गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलताना मनापासून हसलेले लोक पुढे अधिक सावरलेले आढळले. 'त्याचा फोटो, टोपी सोबत नेऊ नको, त्याला सोडून दे': गेलेल्याशी नातं मनात जपणं हे बहुतेकांच्या बाबतीत निरोगीच असतं. 'वर्ष झालं की संपतं': संपत नाही, पण बहुतेकांचं रोजचं जगणं पुन्हा सुरू होतं.

सुरू झालं नाही तर मात्र तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची नोंद आहे. सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ आणि वेदना जवळजवळ रोज राहणं, आणि त्यामुळे कामधाम ठप्प होणं, ही त्याची खूण. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २०२२ साली प्रौढांसाठी ही मुदत बारा महिने धरली. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, नैसर्गिक कारणांनी माणूस गमावलेल्या प्रौढांमध्ये दहात एकाला असं होतं. आत्महत्या आणि अपघातानंतर प्रमाण बरंच जास्त असतं. यावर नेमके मानसोपचार आहेत आणि ते लागू पडतात. आंजीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शिवाय सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) या दोन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. रस्त्यावर असाल आणि रात्र निघत नसेल, तर सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.