वाडी सोडायची ती दिवसाउजेडी

इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं भर पावसात निसरड्या पायवाटेनं चढून गेली आणि मोठी यंत्रं वर नेता येईनात म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसत राहिली. दुर्गम वस्तीत मदत उशिरा पोचणार, हे धरूनच पावसाळ्याची तयारी करावी लागते. काही पक्के रुजलेले समज मात्र त्या तयारीच्या आड येतात.

सर्वांत घातक समज हा: 'आजोबा-पणजोबांपासून इथं राहतोय, या डोंगराला काही होत नाही.' इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतंच. २०१४ मध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक. डोंगराचं वय इथं कामी येत नाही. सतत पाऊस मुरला की माती जड होते, खालच्या कातळावरची तिची पकड सुटते आणि अख्खा उतार घसरतो. बरेचदा तो आधी खुणा दाखवतो. घरामागच्या जमिनीला नवी भेग पडते, कालपर्यंत सरळ असलेलं झाड किंवा विजेचा खांब कलतो, दार चौकटीत अडकू लागतं, झऱ्याचं नितळ पाणी अचानक गढूळ येतं. भेग मातीनं बुजवून भागत नाही. अशी खूण दिसली की त्याच दिवशी, उजेड असतानाच, म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन उताराखालून बाजूला व्हायचं.

'इथं तर उघडलंय, आता ओढा चढायचा नाही,' हेही खरं नाही: वर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी खाली येतंच. हवामान खातं २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सावित्री उगम पावते ती महाबळेश्वरला आणि खाली महाडला जाते. त्याच दिवसांत महाड बुडालं होतं.

आणि 'पाणी गुडघ्याएवढंच तर आहे'? वेगानं वाहणारं वीतभरापेक्षाही कमी पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं, हात-दीड हात पाण्यात मोटार वाहून जाते. गढूळ पाण्याखाली साकव आहे की वाहून गेलाय, हे काठावरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. अंधारात पुढे पूल उरलेला नाही, हे कळायला वावच नव्हता. ओढा ओसरेपर्यंत थांबणं, मग रात्र नातेवाइकांकडे काढावी लागली तरी, हाच शहाणपणा.

वाऱ्याचेही समज असेच आहेत. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवतात. जोराच्या वाऱ्यात पत्रा उचलला जातो आणि तेच दगड खाली माणसांवर येतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर होता. पत्रे वाशांना हूक-बोल्टनं घट्ट आवळायचे असतात आणि तेही पावसाळ्याआधी. वारा 'आरपार जावा' म्हणून खिडक्या उघड्या ठेवणं तर उलटंच ठरतं: आत घुसलेला वारा छपराला खालून उचलतो. चक्रीवादळात मध्येच सारं शांत झालं, तर तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळानं वारा विरुद्ध दिशेनं तितक्याच जोरानं येतो. गुरं बघायला नेमकं त्याच वेळी बाहेर पडू नये.

वीज कडाडताना झाडाखाली थांबू नये, हे बहुतेकांना ठाऊक असतं. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, हा समज मात्र अजून जीव घेतो. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ चुलीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. रेड अलर्ट लागला की मोबाइलला रेंज आणि आभाळात उजेड आहे तोवरच फोन करा आणि निघा.