उजेडाचा फटका, चुंबकाची कोलांटी : लेखांक 6

सातपूर एमआयडीसीत ग्राइंडिंगच्या शेडमध्ये मॅग्नेटिक चक हमखास दिसतो. जॉब चकवर ठेवला, खटका ओढला की तो घट्ट धरला जातो. घासून झाला की सोडवायचा. पण चक सुटला तरी चुंबकत्व पुरतं सुटत नाही. पोलादात थोडं उरतंच आणि त्याला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो. तो कीस बेअरिंगच्या रेसबरोबर पुढे गेला तर घोटाळा ठरलेला. म्हणून जॉब डिमॅग्नेटायझरवरून फिरवून काढतात. आत तारेचं वेटोळं, त्यात सेकंदाला 50 आवर्तनांचा घरगुती वीजप्रवाह. चुंबकक्षेत्र इकडून तिकडे हेलकावत राहतं, जॉब सावकाश दूर नेला की हेलकावे ओसरतात आणि पोलादातली शिस्त मोडते.

असा एक हेलकावा 20 मिलिसेकंदांचा. गेल्या आठवड्यात पाहिलेलं हार्ड डिस्कचं हेड चुंबकाची दिशा नॅनोसेकंदाच्या आसपास बदलतं. आजची गोष्ट त्याहूनही कितीतरी चपळ, आणि तिच्यात ना वेटोळं, ना प्रवाह. नुसता उजेड.

1996 साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एरिक बोरपेअर, झाँ-इव्ह बिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलच्या सुमारे 20 नॅनोमीटर जाडीच्या थरावर लेसरचा 60 फेम्टोसेकंदांचा स्पंद मारला. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर एक तुकडा म्हणजे पिकोसेकंद. फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा भाग. एवढ्या 60 फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम 18 मायक्रॉन पुढे सरकतो. मायक्रोमीटर हाताळणाऱ्यांना हे अंतर चांगलंच ओळखीचं. निकेल साधारण 355 अंश सेल्सिअसला चुंबकत्व सोडतं, तेव्हा तापवल्यावर ते घटलं यात नवल नाही. नवल वेगाचं होतं. उष्णता इलेक्ट्रॉनांतून अणूंच्या जाळीत आणि तिथून स्पिनांपर्यंत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकत्वापर्यंत, पोचायला दहा-शंभर पिकोसेकंद तरी लागावेत, अशी अटकळ होती. चुंबकत्व घसरलं ते एका पिकोसेकंदाच्या आत. स्पिनांचा कोनीय संवेग एवढ्यात गेला कुठे, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं.

इतकं झटपट घडणारं मोजलं कसं? कुठलंही घड्याळ इथे उपयोगी नाही. लेसरचा एकच स्पंद दोन भागांत विभागतात. जोरकस भाग थर तापवतो. दुबळा भाग मागून येऊन फक्त पाहून जातो. मागून म्हणजे किती मागून, ते सरकत्या स्लाइडवर बसवलेल्या आरशानं ठरतं. आरसा 0.15 मिलिमीटर मागे घेतला की प्रकाशाची वाट जाऊन-येऊन 0.3 मिलिमीटरनं लांबते आणि बरोबर एक पिकोसेकंदाचा उशीर होतो. परतलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा किती वळली, यावरून थरात चुंबकत्व किती उरलं ते कळतं. चुंबकावरून परावर्तित होताना ध्रुवण वळतं, हे जॉन कर यांनी 1877 मध्येच दाखवलं होतं. वेळेचं मोजमाप अखेर लांबीच्या मोजमापावर येऊन ठेपतं, ही या प्रयोगातली सगळ्यात देखणी युक्ती.

याच धाटणीचं काम महाराष्ट्रात मुंबईला, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये झालं आहे. जी. रवींद्र कुमार यांच्या गटानं 2002 साली घन पदार्थावर तीव्र लेसर स्पंद मारून तयार झालेल्या प्लाझ्मातलं चुंबकक्षेत्र मोजलं. ते 27 मेगागॉस भरलं आणि टिकलं मोजके पिकोसेकंद. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या गॉसच्या आतबाहेर असतं, म्हणजे हे कोट्यवधी पटींनी मोठं. माहिती साठवण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता, पण आधी एक स्पंद मारायचा आणि मागाहून दुसऱ्याच्या ध्रुवणावरून चुंबकक्षेत्र वाचायचं, ही रीत तीच.

चुंबकत्व घालवणं एक, ते उलटवणं वेगळं. 2007 साली नेदरलँड्समधल्या नायमेखनला थिओ रासिंग यांच्या गटानं गॅडोलिनियम, लोखंड आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा थर घेतला आणि वर्तुळाकार ध्रुवण असलेल्या 40 फेम्टोसेकंदांच्या स्पंदांनी तो उलटवून दाखवला. बाहेरून चुंबक लावलाच नव्हता. या मिश्रधातूत गॅडोलिनियमचे आणि लोखंडाचे स्पिन एकमेकांविरुद्ध तोंड करून असतात. 2011 मध्ये बर्लिनच्या क्ष-किरण यंत्रावर दिसलं, की फटका बसल्यावर लोखंडाचं चुंबकत्व आधी कोसळतं, गॅडोलिनियमचं रेंगाळतं, आणि मधल्या क्षणभरात दोघं चक्क एकाच दिशेला होतात. मग मूळचं वैर पुन्हा डोकं वर काढतं, पण आता उलट्या मांडणीत. पुढच्याच वर्षी सिद्ध झालं, की या मिश्रधातूला वर्तुळाकार ध्रुवणाचीही गरज नाही. नुसता उष्णतेचा धक्का पुरतो.

अशा शोधांच्या बातम्यांत 'हजारपट वेगवान हार्ड डिस्क' हे शब्द हटकून येतात. ते जपूनच घ्यावेत. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात, वर हेडलाही जागेवर पोचायचं असतं. बिट पिकोसेकंदात उलटला म्हणून ही वाट पाहणं टळत नाही. शिवाय लेसर साध्या भिंगानं काही शे नॅनोमीटरहून बारीक एकवटत नाही, आणि बिट असतो काही दहा नॅनोमीटरचा. 2014 साली लोह-प्लॅटिनमच्या कणदार थरावरही निव्वळ प्रकाशानं परिणाम घडवला गेला, पण तिथे एका फटक्यात काम झालं नाही. स्पंदांमागून स्पंद मारावे लागले.

हाच लोह-प्लॅटिनम मात्र बाजारात पोचला आहे. सीगेटनं जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलेल्या 30 टेराबाइटच्या डिस्कमध्ये लेसर फक्त तापवण्याचं काम करतो. सोन्याच्या सूक्ष्म टोकातून ठिपकाभर जागा चारशे अंशांच्या वर नेतात, तेवढ्यात हेड दिशा देतं, आणि थंड होताना ती गोठते. सातपूरच्या जमिनीखालचा काळा बेसाल्टही निवताना असाच चुंबकीय झाला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, याची खूण दख्खनच्या खडकांत अजून वाचता येते.

लेसर सोडून थेट विद्युतप्रवाहातल्या स्पिनांनी चुंबक हलवायचा, हा दुसरा मार्ग. त्यावरचा स्पिन-टॉर्क डायोडचा निबंध 2005 साली 'नेचर'मध्ये आला. त्याचे पहिले लेखक अश्विन तुळापूरकर पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. तो डायोड पुढच्या लेखांकात.