अर्जातला एक रकाना

शेजारचा मुलगा परवा सैन्यभरतीच्या अर्जासाठी माझ्याकडे आला. पहाटे उठून तो १.६ किलोमीटर पळतो, बीम मारतो. अर्ज मात्र क्लार्कचा भरायचा. थोरला भाऊ फौजेत जनरल ड्यूटीवर, सीमेवर असतो. धाकट्याने तरी कचेरीत बसावे, हा आईचा हट्ट.

"काका, आधी आत तर शिरू. मग मागून घेईन क्लार्कचं काम."

बाबा रे, तिथे असे मागून मिळत नाही! २०२२ पासून जवान म्हणून शिरायचे ते अग्निवीर होऊनच. चार वर्षे, आणि पुढे कायम होणार फार तर पंचवीस टक्के. पण काम कोणते, ते अर्जातल्या रकान्यातच ठरते : जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क-स्टोअरकीपर, ट्रेड्समन. जनरल ड्यूटीला दहावीचे ४५ टक्के पुरतात. क्लार्कला बारावीत एकूण ६० हवेत, शिवाय प्रत्येक विषयात ५०. वर टायपिंग. आणि २०२३ पासून आधी संगणकावरची परीक्षा, मैदान नंतर. आपली पोरे मात्र वर्षभर नुसती पळत असतात.

मी गुणपत्रिका मागितली. एकूण ६३, बुककीपिंग ४८. बँकेत जन्मभर दोन-दोन पैशांचे फरक शोधले, पण दोन गुणांचा हा फरक सांगताना जीभ अडखळली.

पोरगा मात्र हसला. "बरं झालं. मला दादासारखंच जायचं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आईपुढे कोण बोलणार? काका, हे ४८ तुम्हीच सांगा ना तिला."