मूर्ती लहान, पण बर्फावर टिकेल का? छोट्या चणीचा हॉकीपटू 'प्रो' व्हायला तयार आहे हे ठरतं कसं?

जुलै २०२२. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात एनएचएलचा ड्राफ्ट होता. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीग, आइस हॉकीची जगातली सगळ्यात मोठी लीग. ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलच्या लिलावासारखा प्रकार, फक्त इथं बोली लागत नाही. ३२ क्लब आळीपाळीनं एकेका तरुण खेळाडूचं नाव घेतात आणि त्याचे हक्क आपल्याकडे ठेवतात.

या ड्राफ्टमध्ये लेन हटसन नावाचा १८ वर्षांचा अमेरिकी पोरगा होता. पक त्याच्या स्टिकला चिकटल्यासारखा राहायचा, समोरच्याला हुलकावणी देण्यात हात कुणी धरणार नाही असा खेळ. अडचण एकच होती, उंची ५ फूट ८ इंच. त्यात हा बचावपटू. त्यानं क्लबांना चक्क डॉक्टरांचा अहवाल दाखवला होता, की माझी हाडं अजून वाढायची थांबलेली नाहीत, उंची आणखी वाढू शकते.

तरीही आधी ६१ दुसरी नावं पुकारली गेली. ६२ व्या क्रमांकावर मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनं त्याला घेतलं. तीन वर्षांनी, २०२४-२५ च्या हंगामात, त्यानं ८२ पैकी ८२ सामने खेळून ६ गोल आणि ६० असिस्ट केले आणि सर्वोत्तम नवोदिताला मिळणारी कॅल्डर ट्रॉफी उचलली.

गोष्ट इथंच संपवली तर तिचा छान व्हॉट्सअॅप फॉरवर्ड होईल. पण त्यात एक प्रश्न राहून जातो. पोरगा एवढा भारी होता, तर क्लबनं त्याला २०२२ मध्येच मैदानात का उतरवलं नाही? मधली दोन वर्षं काय चाललं होतं? छोट्या चणीचा कसबी खेळाडू तयार झालाय की नाही, हे नेमकं कशावरून ओळखतात?

आधी ही हॉकी समजून घेऊ

आपल्याकडे हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले आठवतात. ती मैदानी हॉकी. आइस हॉकी बर्फावर, पायात स्केट घालून खेळतात. एका वेळी बाजूला गोलकीपर धरून सहा खेळाडू. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात.

दोन्ही खेळांतला सगळ्यात मोठा फरक आहे 'बॉडी चेक'. पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्यानं किंवा कमरेनं धडक देऊन पाडणं एनएचएलमध्ये नियमाला धरून आहे. मैदानाला चारही बाजूंनी फळ्यांची भिंत असते आणि बरीचशी झटापट त्या भिंतीला चिकटूनच होते.

आता आकडे बघा. एनएचएलमधल्या खेळाडूची सरासरी उंची साधारण ६ फूट १ इंच आणि वजन ९० किलोच्या आसपास असतं. हटसनची एनएचएलमधली नोंद ५ फूट ९ इंच आणि जवळपास ७३ किलोची आहे. कुस्तीत वजनगट असतात, ७४ किलोच्या मल्लाची गाठ ९७ किलोवाल्याशी पडत नाही. इथं तशी काही सोय नाही. शिवाय समोरचा पूर्ण वेगात स्केटिंग करत येत असतो.

मग छोट्या खेळाडूंना संधी मिळायला लागली कशी?

नियम बदलले म्हणून. २००४-०५ चा एनएचएलचा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. पुढच्या हंगामात लीग परतली ती बदललेल्या नियमांसह. त्याआधी वेगवान खेळाडूला स्टिकनं अडकवणं, जर्सी धरून मागं ओढणं हे सर्रास चालायचं आणि पंच काणाडोळा करायचे. २००५-०६ पासून त्याबद्दल कडक शिक्षा मिळायला लागली. दोन रेषा ओलांडून जाणाऱ्या लांब पासवरची बंदीही उठली. खेळ मोकळा झाला आणि वेगाला भाव आला. २०१० मध्ये नजरेआडून येऊन डोक्यावर दिलेल्या धडकेवर बंदी आली.

त्याआधी छोटे खेळाडू नव्हतेच असं नाही. मार्टिन सँ लुई हा ५ फूट ८ इंचांचा खेळाडू ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नव्हता. कॅलगरी क्लबनं त्याला सोडूनही दिलं होतं. त्यानं २००३-०४ मध्ये, म्हणजे नियम बदलायच्या आधीच्या हंगामात, टँपा बेकडून खेळताना लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळवली आणि क्लबसोबत स्टॅनली कपही जिंकला. हे नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

तयार आहे की नाही, हे कसं बघतात?

गोलांचे आकडे तर सगळ्यांनाच दिसतात. जाणकार त्याच्या मागं जाऊन काही प्रश्न विचारतात.

१. गोल कुणाविरुद्ध केले? कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये साधारण १६ ते २० वर्षांची मुलं असतात. तिथं १०० गुण मिळवणारा खेळाडू पोरांना चकवत असतो. एनएचएलमध्ये समोर पस्तिशीतला, दहा-बारा वर्षं हेच काम केलेला बाप्या असतो. अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीत २३-२४ वर्षांचे खेळाडूही असतात, त्यामुळे तिथली कामगिरी थोडी जास्त भरवशाची मानतात. हटसन बॉस्टन युनिव्हर्सिटीत गेला आणि पहिल्याच वर्षी बचावपटू असून ३९ सामन्यांत ४८ गुण मिळवले. आइस हॉकीत गोलला एक आणि असिस्टला एक असा गुणांचा हिशोब असतो.

२. गुण पाच विरुद्ध पाचमध्ये आले की पॉवर प्लेमध्ये? समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसला की आपला एक गडी जास्त होतो. त्याला पॉवर प्ले म्हणतात. तेव्हा कसबी खेळाडूला मोकळी जागा मिळते आणि तो खुलतो. पण सामन्याचा बहुतेक वेळ दोन्ही बाजूंना सारखेच खेळाडू असतात. तिथं जो दिसत नाही, तो अजून अर्धाच तयार आहे.

३. धडक येते तेव्हा तो काय करतो? छोट्या खेळाडूनं ९५ किलोच्या माणसाला ढकलून देणं कुणालाच अपेक्षित नसतं. बघतात ते हे, की धडक येणार हे त्याला आधी कळतं का? शेवटच्या क्षणी अंग चोरून, वळसा घेऊन तो निसटतो का? पक आणायला भिंतीकडे जाताना तो मागं वळून किती वेळा बघतो? हटसनचं खरं बळ इथं होतं. खांदा एकीकडे टाकायचा आणि स्केटची धार दुसरीकडे वळवायची. धडक द्यायला आलेला भिंतीवर आपटायचा आणि हा पक घेऊन पुढं गेलेला असायचा.

४. पक नसताना तो कुठं असतो? ताकद कमी असेल तर जागा अचूक लागते. मोठा बचावपटू अर्धं पाऊल चुकला तर लांब हातानं आणि वजनानं सावरून घेतो. छोट्याला ती सवलत नसते.

५. हंगाम झेपेल का? कॉलेजमध्ये वर्षाला ३५-४० सामने होतात आणि तेही मुख्यतः शुक्रवार-शनिवारी. एनएचएलमध्ये साखळीतच ८० हून जास्त. मधल्या दिवसांत प्रवास. ऑक्टोबरमध्ये चमकलेली पोरं जानेवारीत मान टाकतात ती त्यामुळेच.

सगळ्यात अवघड अट

एक गोष्ट चाहत्यांच्या लक्षात येत नाही, पण क्लबचा निर्णय बऱ्याचदा तिच्यावरच अडतो. हॉकी संघात आक्रमणाच्या चार फळ्या असतात. पहिल्या दोन गोल करण्यासाठी. तिसरी आणि चौथी प्रामुख्यानं समोरच्याला अडवण्यासाठी, धडका देण्यासाठी.

नवखा खेळाडू धिप्पाड असेल तर त्याला चौथ्या फळीत रोज आठ-दहा मिनिटं टाकून शिकवता येतं. छोट्या कसबी आघाडीपटूला तिथं टाकून उपयोग नसतो. ते काम त्याचं नाही आणि जे त्याला येतं ते करायची तिथं संधी नाही. म्हणजे त्याला पहिल्या दोन फळ्यांतच जागा कमवावी लागते. मोठ्याला 'बरा' असून चालतं, छोट्याला थेट 'उत्तम' असावं लागतं. बचावपटूचंही तेच. हटसनला संघात ठेवायचं तर पॉवर प्ले त्याच्या हातात द्यायची आणि भरपूर वेळ खेळवायचं, एवढी तयारी प्रशिक्षकाची हवी.

वाट बघायची, पण कुठं?

इथं कसबापेक्षा नियम जास्त त्रास देतात. दुय्यम दर्जाची एएचएल नावाची व्यावसायिक लीग आहे, जिथं एनएचएल क्लब आपले तरुण खेळाडू घडवतात. पण कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून आलेल्या खेळाडूला १८-१९ व्या वर्षी तिथं पूर्णवेळ पाठवता येत नसे. एकतर एनएचएल, नाहीतर परत पोरांमध्ये. एकीकडे खेळ डोईजड, दुसरीकडे अगदीच सोपा. नव्या करारानुसार २०२६-२७ पासून प्रत्येक क्लबला १९ वर्षांच्या अशा एका खेळाडूला एएचएलमध्ये पाठवण्याची मुभा आहे.

कॉलेजवाल्यांचा पेच वेगळा. एकदा एनएचएलच्या करारावर सही केली की कॉलेज हॉकीचं दार बंद. घाई केली तर मागं फिरता येत नाही.

त्यामुळे हटसन पहिल्या दणदणीत वर्षानंतरही कॉलेजातच थांबला. दुसऱ्या वर्षी ३८ सामन्यांत ४९ गुण. आकडे जवळपास तेवढेच, पण अंगात थोडं वजन आलं आणि मोठ्या खेळाडूंपुढं आणखी एक हंगाम घासून झाला. एप्रिल २०२४ मध्ये त्यानं सही केली, हंगामातले शेवटचे दोन सामने खेळला आणि दोन असिस्ट केले. ऑक्टोबरपासून तो सामन्याला सरासरी २२ मिनिटांहून जास्त वेळ बर्फावर होता.

अंदाज चुकला तर?

चूक दोन्ही बाजूंनी होते आणि त्यात उंचीचा हिशोब नेहमी लागत नाही. त्याच २०२२ च्या ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियलनंच पहिल्या क्रमांकावर युराय स्लाफकोव्स्कीला घेतलं होतं. उंची ६ फूट ३ इंच, धिप्पाड अंग. त्याला १८ व्या वर्षी थेट एनएचएलमध्ये उतरवलं. ३९ सामन्यांत १० गुण आणि मग दुखापतीनं हंगाम संपला. पुढच्या वर्षी तो सावरला आणि ५० गुण मिळवले, पण अंग तयार होतं म्हणून खेळाडू तयार होता असं झालं नाही.

याच क्लबचा कोल कॉफील्ड पाच फूट सात-आठ इंचांचा. २०२१ मध्ये कॉलेज हॉकीचा सर्वोच्च होबी बेकर पुरस्कार मिळवून आला आणि त्याच उन्हाळ्यात स्टॅनली कपची अंतिम फेरी खेळला. सगळ्यांना वाटलं, झालं, गडी तयार आहे. पुढच्या हंगामात पहिल्या ३० सामन्यांत त्याचा फक्त एक गोल होता. मधेच त्याला एएचएलमध्येही पाठवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवा प्रशिक्षक आला, मार्टिन सँ लुई, तोच ५ फूट ८ इंचवाला. उरलेल्या ३७ सामन्यांत कॉफील्डनं २२ गोल मारले. खेळाडू तोच, उंची तीच. त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे माहीत असलेला माणूस बाकावर आला होता. पुढं हटसनलाही हाच प्रशिक्षक मिळाला.

सगळ्यांच्या नशिबी हे येत नाही. २०११ च्या ड्राफ्टमध्ये ५ फूट ६ इंचांचा रॉको ग्रिमाल्डी ३३ वा निवडला गेला, तर जॉनी गॉड्रो थेट १०४ वा. गॉड्रो तीन वर्षं कॉलेजात थांबून आला आणि एनएचएलचा तारा झाला. एका हंगामात त्यानं ११५ गुण मिळवले. २०२४ मध्ये रस्ते अपघातात त्याचं निधन झालं. ग्रिमाल्डी एएचएलमध्ये खोऱ्यानं गुण मिळवत राहिला, पण एनएचएलमधली त्याची जागा कधी पक्की झाली नाही. तो वाईट खेळाडू नव्हता. पहिल्या दोन फळ्यांत बसण्याइतका वरचढ ठरला नाही आणि खालच्या फळ्यांचं गणित त्याच्या अंगाशी जुळलं नाही.

थोडक्यात काय?

छोटा कसबी खेळाडू तयार आहे का, याचं उत्तर तराजूवर मिळत नाही आणि यूट्यूबवरच्या हायलाइट्समध्येही मिळत नाही. मोठ्या माणसांविरुद्ध, सारख्या संख्येत, भिंतीला लागून, हंगामाच्या साठाव्या सामन्यात त्याचा खेळ चालतो का, हे बघावं लागतं. आणि क्लबकडे त्याला वरच्या फळीत खेळवायची हिंमत आहे का, हेही. ती नसेल तर खेळाडूनं आणखी एक वर्ष थांबलेलं बरं.

थांबण्याचं मोल हटसनच्या बाबतीत आकड्यात सांगता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉन्ट्रियलनं त्याच्याशी आठ वर्षांचा नवा करार केला, एकूण ७ कोटी ८ लाख डॉलरचा. त्याचा धाकटा भाऊ कोल हटसनही बचावपटू आणि छोट्या चणीचाच. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टननं त्याला ४३ व्या क्रमांकावर घेतलं, थोरल्यापेक्षा १९ जागा आधी. पहिल्या फेरीत मात्र त्याचंही नाव कुणी घेतलं नाही.