गंगाकाठची गावे (भाग 7) : कनौजची भट्टी कोणाच्या जिवावर?

कनौजचे नाव निघाले की मराठी माणसाला लग्नातली गुलाबदाणी आणि कानात खोचलेला अत्तराचा फाया आठवतो. 2011 च्या जनगणनेत या शहराची वस्ती 85 हजारांच्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. सातव्या शतकात मात्र ही हर्षवर्धनाची राजधानी होती. पुढे पाल, प्रतिहार आणि राष्ट्रकूट याच गावासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढले आणि इसवी सन 916 च्या सुमारास राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र दख्खनची फौज घेऊन थेट इथवर पोचला. तो दरारा गेला. गंगाही गावाला सोडून काही किलोमीटर दूर सरकली, आता ती पाहायची तर मेहंदी घाट गाठावा लागतो. उरला अत्तराचा धंदा. तो का उरला, असे विचारले की ‘परंपरा’ हे उत्तर ठरलेले. ते अर्धेच खरे आहे. परंपरेने हातातले कसब राखले, पण भट्टी पेटती ठेवली ती पानतंबाखूने.

आधी कसब पाहू, कारण ते अस्सल आहे. मातीच्या भट्टीवर तांब्याचा देग चढतो. त्यात फुले आणि पाणी. झाकण चिकणमातीने लिंपून हवाबंद केले जाते. त्यातून सुतळी गुंडाळलेला बांबूचा चोंगा निघतो आणि पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात उतरतो. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ थंड होते, तिच्यातला सुगंध तेल शोषून घेते आणि खाली साचलेले पाणी काढून पुन्हा देगात ओतले जाते. त्याच तेलावर रोज ताजी फुले, असे कित्येक दिवस. तापमापक नाही. भपका किती तापला हे कारागीर हात लावून ठरवतो आणि वेळ आली की देगावर ओले फडके फिरवून वाफेचा जोर मोडतो. उन्हाळ्यात फुलांच्या जागी भाजलेल्या मातीच्या चकत्या देगात जातात आणि पहिल्या पावसाचा वास देणारे ‘मिट्टी’ अत्तर उतरते. आता हा माल येतो कुठून ते पाहा. मोगरा, म्हणजे तिथला बेला, जवळपासचा. गुलाब बराचसा अलीगढ-हाथरसकडचा, केवडा ओडिशातल्या गंजमचा, चंदन दक्षिणेतले. फूल तासाभरात कोमेजू लागते, म्हणून कनौजवाल्यांनी देगच फुलांच्या शेताजवळ नेले. थोडक्यात, कनौजचे स्वतःचे म्हणावे ते हातच.

पण एवढे कष्ट विकत कोण घेतो? रुमालाला अत्तर लावणारी पिढी सरली आणि स्प्रेची बाटली घरोघर आली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. कनौजचे सर्वात मोठे गिऱ्हाईक आहे जर्दा, किमाम, पानमसाला आणि एके काळी गुटखा. याचा पुरावा महाराष्ट्रातही सापडतो. 2012 च्या जुलैत आपल्या राज्याने गुटख्यावर बंदी घातली, पुढच्या एप्रिलपासून उत्तर प्रदेशातही ती लागू झाली आणि कनौजच्या व्यापाऱ्यांनी धंदा बसल्याची ओरड केली. अत्तर फक्त नाकासाठी असते, तर गुटखाबंदीने त्यांचे काय बिघडणार होते? पुढे पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी जोडी टपऱ्यांवर लटकू लागली, तो भाग वेगळा.

यावर कोणी म्हणेल की आखाती देशांत अत्तराला मोठा मान आहे, निर्यात होते, कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सगळे खरे. पण मानांकन नावाची नक्कल रोखते, गिऱ्हाईक आणून देत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तंबाखूने धंदा तगवला, तर तक्रार कसली? तक्रार दोन गोष्टींची. ज्या मालावर सरकार कधीही बंदी आणू शकते, आणि आरोग्याचा विचार करता आणायलाच हवी, त्याच्यावर हजारो हातांची रोजी टांगलेली आहे. दुसरी गोष्ट चंदनाची. जंगलातले चंदन विरळ झाले, भाव आवाक्याबाहेर गेले आणि उरलेल्या तेलाचे मोठे गिऱ्हाईकही पुन्हा तंबाखू-पानमसालाच. मग भपक्यात चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिन आले. ते स्वस्त आहे, त्याला स्वतःचा वास नाही, पण चंदनाच्या तेलात सुगंध जसा मुरतो तसा त्यात मुरत नाही. ज्याने अत्तरवाल्याला जगवले, त्यानेच त्याच्या हातातला मूळ जिन्नस महाग केला. 1991 पासून कनौजमध्ये सुगंध आणि स्वाद यांसाठी सरकारी केंद्र आहे, तिथे चाचण्या आणि प्रशिक्षण चालते. मालाची शुद्धता ते तपासून देईल, पण शुद्ध मालाचा दाम मोजणारा माणूस त्याने कुठून आणायचा?

तो माणूस दुकानाच्या या बाजूला उभा असतो. पुढच्या वेळी अत्तराची कुपी हातात घ्याल तेव्हा नाव आणि भाव विचारण्याआधी एवढेच विचारा: बेस कशाचा आहे?