सुमीच्या कांड्या आणि कागदी मणी

जपानी सुलेखनातली काळी शाई, म्हणजे सुमी, घट्ट कांडीच्या रूपात मिळते. अशा कांड्या बहुतांशी नारा शहरात बनतात. तिथली कोबाइएन ही पेढी १५७७ पासून याच धंद्यात आहे. साहित्य म्हणाल तर काजळी, सरस आणि वासापुरता भीमसेनी कापूर. काळेपणा सहज मिळतो. खरी कसोटी आहे पाणी बाहेर काढण्याची.

काजळी धरायची रीत आपल्याकडच्या घरगुती काजळासारखीच आहे. बंद खोलीत मातीच्या पणत्यांमध्ये रेपसीडचे तेल जळत असते आणि प्रत्येक ज्योतीवर मातीचे झाकण असते. झाकण एकाच जागी तापत राहिले तर काजळी बिघडते, म्हणून दर वीसेक मिनिटांनी ते थोडे फिरवतात. वात बारीक असेल तर काजळीही बारीक पडते. पाइनचे लाकूड जाळूनही काजळी धरतात. तिच्या शाईला निळसर झाक असते.

जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस गरम पाण्यावर ठेवून विरघळवतात. दहा भाग काजळीला साधारण सहा भाग सरस घालून गोळा हातापायांनी तुडवतात, चकाकी येईपर्यंत. मग तो लाकडी साच्यात दाबतात. हे काम चालते फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, कारण उन्हाळ्यात सरस नासतो.

साच्यातून निघालेली कांडी मऊ असते. ती उघड्यावर सुकवली तर बाहेरची कड आधी आवळते, आतला ओलावा अडकतो आणि कांडी तडकते. म्हणून ती लाकडाच्या राखेत पुरतात. पहिल्या दिवशी राख दमट, मग रोज थोडी कोरडी. राख ओलावा हळूहळू ओढून घेते. लहान कांडीला आठवडाभर पुरतो, मोठीला महिन्याहून अधिक. पुढे गवताच्या दोरीत ओवून ती छताला टांगतात. पूर्ण सुकली की धुऊन शिंपल्याने घासतात. इतक्या खटाटोपाने काढलेले पाणी लिहिणारा दगडावर कांडी उगाळताना परत घालतो, ही गंमत मला फार आवडते.

गळ्यात घालायचे मणी करायचे तर या शाईच्या गोळ्याचेच वळता येतील, पण घामाने सरस सैलावला तर गळा काळा होईल. त्यापेक्षा कागदी मणी बरे. त्यासाठी सुमिनागाशी ही जुनी पद्धत उपयोगी पडते. पसरट भांड्यातल्या स्थिर पाण्याला शाईच्या कुंचल्याचे टोक फक्त टेकवायचे. शाई पृष्ठभागावर गोल पसरते. दुसऱ्या कुंचल्यावर पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा द्रव असतो (आता बरेच जण साबणाचा थेंब घेतात). तो वर्तुळाच्या मधोमध टेकवला की शाई बाहेर ढकलली जाऊन कडे तयार होते. असे आलटूनपालटून करत कड्यांत कडी वाढवायची, हळूच फुंकर घालून ती वेडीवाकडी करायची आणि वर हातकागद अलगद टेकवायचा. नक्षी कागदावर येते.

कागद वाळला की त्याच्या लांब, निमुळत्या त्रिकोणी पट्ट्या कापायच्या. रुंद टोकाकडून बारीक काडीभोवती घट्ट गुंडाळायचे आणि शेवटचे टोक चिकटवायचे. नक्षीचा बराचसा भाग आत जातो. दिसतात फक्त प्रत्येक वेढ्याच्या कडा. म्हणून मोठी कडी फुकट जातात, दाट आणि बारीक रेघा घेतलेल्या बऱ्या. शेवटी काडी काढून मण्यावर वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्यायचे, पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही.